गैरहजर राहायला विसरलेली मुलगी

शाल्मलीताईंनी अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोवर समोर मांडी घालून बसलेल्या इंद्रजितनं डोळे मिटले, मान डोलावली आणि पाढे म्हणावेत त्या चालीत सुरू केलं, "पाच-एक-सात, दोन-नऊ..."

खिडकीबाहेर उभा राहून मी जोरात खाकरलो.

इंद्रजितनं एक डोळा उघडला, मला बघितलं आणि जीभ चावली. "चुकलं ताई. आदी तुमी सांगा. मी ऐकल्यागत करतो."

"ऐकल्यागत?"

"ऐकतो म्हंजे."

शाल्मलीताई हसल्या. सात वर्षांचं पोर आहे, घाई झाली असेल, असं त्यांना वाटलं. मला मात्र त्या पावसाळी गारव्यात घाम फुटला. कारण ते आकडे त्या पोराला मी पाठ करायला लावले होते. त्याला एकट्यालाच नव्हे, वर्गातल्या सतरा पोरांना.

मी तेव्हा आजरा तालुक्यातल्या उंबरेवाडीच्या विद्यामंदिरात मुख्याध्यापक होतो. मुख्याध्यापक म्हटल्यावर काही मोठं डोळ्यांसमोर आणू नका. शाळेत आम्ही दोघंच, मी आणि रेडेकर बाई. दुसरी आणि चौथी माझ्याकडं, पहिली आणि तिसरी त्यांच्याकडं. पण तालुक्यात माझं नाव होतं, आणि ते होतं शिष्यवृत्तीमुळं. कोल्हापूर जिल्ह्यात शिष्यवृत्ती परीक्षा म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आमच्याकडं मूल चौथीत गेलं की पाहुणे त्याची तब्येत विचारत नाहीत, सराव पेपरात किती पडले ते विचारतात. एवढ्याशा वाडीतून मी सहा वर्षांत अकरा मुलं शिष्यवृत्तीधारक केली होती. त्यांची नावं व्हरांड्यात रंगवून घेतली होती. खाली 'मार्गदर्शक : श्री. केसरकर सर' हेही जरा ठळक रंगवून घेतलं होतं.

अशा माणसाच्या शाळेत शाल्मलीताई आल्या. वय सत्तावीस, गाव पुणे, डॉक्टरेटचा अभ्यास चाललेला. पहिली-दुसरीच्या मुलांना रोज अर्धा तास लक्षात ठेवायचे, लक्ष द्यायचे, स्वतःला आवरायचे खेळ दिले, तर त्यांच्या मेंदूच्या वाढीवर काय परिणाम होतो, हा त्यांचा विषय. शहरातल्या शाळेत यंत्रांवर असे खेळ झालेले. खेड्यातल्या शाळेत, मराठीतून, चिंचोके आणि चित्रांच्या पत्त्यांवर ते चालतात का, हे त्यांना पाहायचं होतं. आजऱ्यात खोली घेऊन त्या रोज स्कूटीवरून वाडीत यायच्या.

पालकांच्या बैठकीत त्यांनी हे सगळं फार सोपं करून सांगितलं. "मेंदूत वाटा असतात. भाताच्या बांधावरून रोज ये-जा केली की पायवाट पडते ना, तसं. या वयात जिथून जास्त चालणं होतं, ती वाट पक्की होते."

मागून एक आजीबाई म्हणाल्या, "आणि चालणंच न्हाई झालं तर?"

"तर गवत वाढतं, आजी."

"मग आमच्या म्हाताऱ्याच्या डोस्क्यात गवातच असंल बगा. दोन म्हशींना पुरंल."

बैठक हसली, सह्या झाल्या, अंगठे झाले. मी आभार मानले. इथवर माझं काहीही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी तिसरीच्या तीन मुलांवर चाचणी घेऊन पाहिली. नुसती रंगीत तालीम. खरी चाचणी दुसरीच्या अठरा मुलांची, पुढच्या सोमवारी. त्या एकेक आकडा सावकाश सांगायच्या आणि मुलानं तो ऐकून तसाच्या तसा म्हणायचा. आधी दोन आकडे, मग तीन, मग चार. जिथं चुकलं तिथं थांबायचं. मी शेजारीच पोषण आहाराची वही लिहीत बसलो होतो. तांदूळ किती, तूरडाळ किती, हे लिहिता लिहिता माझा हात आपोआप वहीच्या मागच्या पानावर गेला आणि आकडे उतरवू लागला. चोरी करतोय असं क्षणभरही वाटलं नाही. प्रश्न दिसला की टिपून ठेवायचा, ही तीस वर्षांची सवय. तिसरीची मुलं चारावर, पाचावर अडली, पण कागद आठ आकड्यांपर्यंत होता. मधल्या सुट्टीत ताई हात धुवायला गेल्या तेव्हा उरलेले मी वाचून घेतले.

मंगळवारपासून वर्ग सुरू झाला. शाळा सुटल्यावर अर्धा तास. आकडे पाढ्याच्या चालीत बसवले, म्हणजे लवकर बसतात. चार-नऊ, दोन-सात, एक-आठ, तीन-सहा. पोरं खळाळून म्हणायची.

रेडेकर बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "सर, हे काय चाललंय?"

"तयारी."

"कशाची? ताई म्हणाल्या, मुलं आहेत तशी बघायची आहेत."

"बाई, आहेत तशी मुलं कुणी कधी कुणाला दाखवलीत का? मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर तुम्ही तिला आहे तशी बसवता?"

"माझं लग्न ठरलं तेव्हा मी शेणाच्या हातांनीच बाहेर आले होते."

"म्हणून तर आमच्या शाळेत आलात," मी म्हणालो. स्वतःच्याच विनोदावर हसलोही. बाई हसल्या नाहीत.

पाच दिवसांत सतरा पोरं आठ आकड्यांपर्यंत तयार झाली. अठरावी होती स्वरांजली.

या स्वरांजलीबद्दल सांगायला हवं. तिची आई आजऱ्याला काजूच्या कारखान्यात कामाला. सकाळी सातला जायची ती दिवे लागायला परत. वडील नव्हते. मुलगी शांत, स्वच्छ, आणि हातातून पाणी गळावं तशी विसरणारी. "बाईंच्याकडून खडू आण आणि येताना दार लाव," असं सांगितलं तर दार लावून यायची, खडू नाहीच. मी तिच्यावर कधी ओरडलो नाही. शपथेवर सांगतो, माझ्याइतकं शांतपणे तिला कुणी शिकवलं नसेल. एकच बेरीज मी तिला चौदा वेळा हसतमुखानं सांगितली आहे. पण पाच-एक-सात काही तिच्या डोक्यात राहीना. पाच राहिला तर सात जायचा.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिला जवळ बोलावलं. खाली बसून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन, फार प्रेमानं म्हणालो, "बाळ, सोमवारी तू आली नाहीस तरी चालेल हं. आईबरोबर फॅक्टरीत जा. मजा कर."

तिनं मान हलवली.

तपासणीच्या दिवशी कच्ची मुलं घरी ठेवायची, हा काही माझा शोध नाही. माझ्या गुरुजींनी हे केलं, त्यांच्या गुरुजींनीही केलं असणार. आमच्या धंद्यातला तो जुना रिवाज. मी त्यात फक्त प्रेमळ आवाज घातला.

सोमवारी फाटक उघडायला गेलो, तर पायरीवर स्वरांजली. केसाला तेल, दोन लाल रिबिनी, मांडीवर दप्तर. सगळ्यांच्या आधी.

मी कपाळावर हात मारून घेतला. रेडेकर बाई आल्या तसं म्हणालो, "बघा! गैरहजर राहायचंसुद्धा पोरीच्या ध्यानात राहिलं नाही." आणि हसलो. हा विनोद पुढं मी दोन-तीन ठिकाणी सांगितलाही.

तर अशी ती चाचणी झाली. इंद्रजितनं सुरुवातीला घोळ घातला, पण नंतर सावरला. सतराच्या सतरा पोरं आठापर्यंत गेली. काही जण मान डोलवत, काही जण मांडीवर ताल धरत. स्वरांजली दोनावर थांबली. तिच्या वेळी ताईंनी तिचा हात हातात घेतला, "छान बोललीस," म्हणाल्या आणि कागदावर दोन लिहिले.

संध्याकाळी ताईंचे डोळे चमकत होते. "सर, मी असं कुठंच पाहिलं नाही. या वयाची मुलं चार, फार तर पाच आकड्यांपर्यंत जातात. आणि तुमच्या लक्षात आलं का? ती चालीत म्हणत होती! सगळीच्या सगळी!"

"आमच्याकडं पाढे चालीत म्हणायची पद्धत आहे," मी म्हणालो. वाक्य खरं होतं. माझी त्या काळातली बहुतेक वाक्यं तशी खरीच असायची.

त्यांनी लगेच पुण्याला आपल्या मार्गदर्शकांना फोन लावला. मार्गदर्शकांनी त्याला नाव दिलं, लयबद्ध स्मरण. दोन-तीन दिवसांत ते नाव केंद्रप्रमुखांच्या कानावर गेलं आणि महिनाअखेरच्या शिक्षण परिषदेत, केंद्रातल्या चाळीस शिक्षकांपुढं, मला बोलायला उभं केलं. 'ग्रामीण बालकांचे लयबद्ध स्मरण' या विषयावर मी वीस मिनिटं बोललो. मध्ये एकदा टाळ्या पडल्या. शाल, श्रीफळ. नारळाची बर्फी करून दुसऱ्या दिवशी शाळेत वाटली. रेडेकर बाईंनी घेतली नाही. "मला खोबरं सोसत नाही," म्हणाल्या. त्यांच्या डब्यात त्या दिवशी खोबऱ्याची चटणी होती.

मग बारा आठवडे खेळ चालले. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन भाग केले. नऊ मुलं खेळात, नऊ मुलं त्या वेळात चित्रं काढणार. इंद्रजित चित्रांत गेला, स्वरांजली खेळांत. मी मनात म्हटलं, चिठ्ठीलाही अक्कल नसते.

पण खेळ बघण्यासारखे होते. ताई टाळ्या वाजवायच्या, मुलांनी तेवढ्याच, तशाच वाजवायच्या. ताई 'बसा' म्हणाल्या की उभं राहायचं, 'उभे राहा' म्हणाल्या की बसायचं. पालथ्या पत्त्यांखाली कुठं बैल आहे, कुठं विळा आहे, ते ध्यानात ठेवायचं. पहिले तीन आठवडे स्वरांजली 'बसा' म्हटलं की बसायचीच. ताई म्हणायच्या, "परत." त्यांच्या आवाजात कंटाळा नसायचा आणि लाडही नसायचा. माझ्या आवाजात लाड असायचा. चौथ्या आठवड्यात एकदा 'बसा' ऐकून स्वरांजली अर्धी वाकली, थांबली, आणि उभी राहिली. मला खिडकीतून तिच्या चेहऱ्यावर ते थांबणं दिसलं. एखाद्यानं ओढ्यावर उडी मारताना पाय मागं घ्यावा आणि दगड बघून मग टाकावा, तसं.

दिवाळीनंतर एके दिवशी मी सवयीनं म्हणालो, "खडू आण, दार लाव." ती खडू घेऊन आली, दार लावलं, आणि म्हणाली, "रेडेकर बाईंनी इचारलंय, हजेरीपट कुटं हाय?" मी हजेरीपट तिच्या हातात दिला, आणि फळ्यावर काय लिहायचं होतं तेच विसरलो.

इकडं दर शनिवारी मी बाकीच्यांकडून आठ आकड्यांची उजळणी करून घेत होतो. माझा हिशोब सरळ होता. शेवटच्या चाचणीतही पोरं आठ म्हणणार. आधी आठ, नंतर आठ. कुणाचं काय बिघडलं?

शेवटच्या चाचणीला मी पुन्हा खिडकीशी. इंद्रजित बसला. ताईंनी पिशवीतून वेगळ्याच रंगाचा कागद काढला.

"सहा-दोन-नऊ."

इंद्रजितची मान डोलायची थांबली.

"म्हण ना. सहा-दोन-नऊ."

"ताई, हे आमचं न्हवं."

"काय आमचं नव्हे?"

"आकडं. आमचं आकडं येगळं हाईत."

"हे नवे आहेत. तेच परत कसे विचारायचे? पाठ नाही का होणार?"

इंद्रजितनं खिडकीकडं बघितलं. मी खाली वाकून चपलेचा पट्टा बघू लागलो. माझ्या चपलेला पट्टा नव्हता.

सतरा पोरं चारावर, पाचावर कोसळली. खेळवालीही, चित्रवालीही.

दोन दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, ताई व्हरांड्यात कागद पसरून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा बघून रेडेकर बाईंनी न विचारताच चहा आणून ठेवला.

"सर, मला खरं सांगा. मुलं आजारी होती का? गावात काही झालं होतं का?"

"नाही बुवा."

"मग मी बारा आठवड्यांत त्यांचं काहीतरी नुकसान केलंय. आठावरून चारावर! मुलांना पुढं न्यायला आले आणि..." त्यांनी चष्मा काढून ओढणीनं पुसला. "माझे मार्गदर्शक म्हणाले, असे आकडे आले तर हा प्रकल्प इथंच थांबवू. खेळांचा उपयोग नाही, उलट मुलं गोंधळतात, असं लिहून टाक. तीन वर्षं गेलीत माझी यात. वर्षं गेली त्याचंही सोडा. दोन रात्री झोप नाही मला. घरी गेल्यावर त्या मुलांचे चेहरे दिसतात."

रेडेकर बाई माझ्याकडं बघत होत्या. मी चहात बुडालेल्या माशीकडं.

"एकीचेच वाढलेत," ताई म्हणाल्या. "स्वरांजली. दोनावरून चारावर. पण अठरांत एकच मूल असं उलटं गेलं तर त्याला धरता येत नाही. तो अपवाद समजतात. तिला वगळावं लागेल."

"वगळायचं?" मी म्हणालो.

"हो ना. ती बसत नाही कशात."

मी उठलो आणि पाण्याच्या टाकीकडं गेलो. तिथं मुलं जेवणाची ताटं धूत होती. स्वरांजलीनं आपलं ताट उपडं घातलं आणि हात फ्रॉकला पुसत माझ्याकडं आली.

"सर, सोमवारी कोल्हापूरचं सायब येणार म्हंत्यात."

ते खरं होतं. माझ्या भाषणाची कीर्ती जिल्ह्याला पोचली होती आणि लयबद्ध स्मरण बघायला मोठे साहेब येणार होते.

"येणार आहेत. का गं?"

"मग या टायमाला मी येऊ, का घरात थांबू?"

मला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं. "कधी... कोण म्हणालं घरात थांब?"

"तुमीच की. ताईंची परीक्षा हुती तवा. फॅक्टरीत जा म्हणालासा."

"तुझ्या ध्यानात होतं ते?"

"व्हय."

"मग आलीस का?"

"फॅक्टरीत ल्हान पोरांला घेत न्हाईत. आणि घराला कुलूप असतंय." थोडं थांबून ती म्हणाली, "पायरीवर बसल्याली तवा मी तुमाला सांगणार हुते. पर तुमी काय इचारलंच न्हाई. हसलासा निस्तं."

ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. येऊ का नको, एवढंच तिला हवं होतं. राग नाही, रुसवा नाही. मी म्हणालो, "ये. साहेब आले तरी ये आणि नाही आले तरी ये."

"रिबिनी घालून?"

"घालून."

मी व्हरांड्यात परत आलो. पोषण आहाराची वही काढली, मागचं पान उघडलं आणि ताईंच्या कागदांवर ठेवलं. तोंडानं सांगायचं धाडस नव्हतं. पण अक्षर माझं वळणदार आहे, वाचायला कुणाला त्रास होत नाही.

ताईंनी वाचलं. परत वाचलं. मग आपल्या पहिल्या कागदाशी बोट लावून लावून ताडून पाहिलं.

"हे तुम्ही कधी लिहिलं?"

"तालमीच्या दिवशी."

"आणि मुलांना?"

"पाच दिवस. शाळा सुटल्यावर."

"सतरा मुलांना?"

"स्वरांजलीच्या ध्यानात राहीना. म्हणून तिला त्या दिवशी घरी राहायला सांगितलं होतं."

रेडेकर बाई हळूच उठल्या आणि पहिलीच्या वर्गाकडं गेल्या. ताईंनी पहिल्या कागदावरचे सतरा आठ एकेक करून खोडले.

"म्हणजे अठरा मुलांत खरं मोजमाप एकीचंच झालं," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि आत्ता मी तिलाच वगळत होते."

"चूक माझी आहे, ताई."

"चूक?" त्यांचा आवाज चढला. "सर, तुम्ही खिडकीत उभे होता! बारा आठवडे! मी लयबद्ध स्मरण म्हणून नाचत होते तेव्हाही उभे होता. आणि आता मला वाटत होतं की मी या मुलांचे मेंदू..." त्यांनी वहीच्या त्या पानावर बोट आपटलं. "का पण? मी त्यांना पास-नापास करायला आले नव्हते. ती कुठं आहेत, एवढंच बघायचं होतं मला."

पोरांची अब्रू जाऊ नये म्हणून, असं तोंडाशी आलं होतं. पण पोरांनी कुठं त्यांची अब्रू माझ्याकडं ठेवायला दिली होती? व्हरांड्यात ठळक अक्षरांत कुणाचं नाव होतं, ते दोघांनाही दिसत होतं.

"आता काय होईल?" मी विचारलं.

"ही शाळा अभ्यासातून काढावी लागेल. सगळी. एका मुलीवर प्रबंध होत नाही. दुसरं गाव शोधायचं, पुन्हा पहिल्यापासून. एक वर्ष गेलं माझं." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "पण खेळांनी नुकसान झालं नाही, एवढं कळलं. झोप तरी लागेल."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या मार्गदर्शकांना सविस्तर पत्र लिहिलं आणि खाली सही केली, पदासकट. मग केंद्रप्रमुखांना फोन केला.

"केसरकर, साहेबांना आता काय सांगू मी? येऊ नका, मुलं विसरली?"

"सांगा, मुलांनी कधी लक्षात ठेवलंच नव्हतं. मी ठेवलं होतं."

"आणि ती शाल?"

"आणून देतो. नारळ मात्र खाल्ला."

पुढच्या शिक्षण परिषदेत पुन्हा उभा राहिलो. या वेळी चार मिनिटंच लागली. टाळ्या पडल्या नाहीत, पण चहाच्या वेळी एक-दोन जुने गुरुजी जवळ येऊन हळूच म्हणाले, "आम्हीबी ठेवतो घरी दोन-चार पोरं. पण तुम्ही सांगायला नको होतं."

ही परिषद नंतरची. त्याआधी तो सोमवार आला. साहेब आले नाहीत. ताई आल्या, चटई, पत्ते, चिंचोक्यांचे डबे गोळा करायला. त्या माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. मुलांना मी सकाळीच सगळं सांगून टाकलं होतं, की आकडे पाठ करून घेणं ही लबाडी होती आणि ती तुमची नव्हे, माझी. मुलांनी ते फार मनावर घेतलं नाही. ताई निघाल्या, याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

"ताई, एक डाव खेळूया की," इंद्रजित म्हणाला. "जायच्या आदी."

"कुणाची पाळी?"

"सरांची! सरांची घ्या की परीक्षा!"

अठरा पोरांनी कल्ला केला. मला वाटलं, ताई नको म्हणतील. पण त्यांनी चटई परत पसरली.

"बसा, सर."

मी बसलो. बसताना गुडघे वाजले, ते सगळ्यांनी ऐकलं. पोरं भोवतीनं गोल करून उभी राहिली.

"सरळ नको, तुम्ही मोठे आहात," ताई म्हणाल्या. "मी सांगेन त्याच्या उलट म्हणायचं. शेवटचा आकडा आधी. आणि बाकी कुणी सांगायचं नाही. ओठसुद्धा हलवायचे नाहीत."

त्या हसत नव्हत्या. मी मन घट्ट केलं.

"आठ-तीन."

"तीन-आठ," मी म्हणालो. इंद्रजितनं शाबासकी दिली.

"एक-सहा-चार."

"चार... सहा-एक."

"सात-दोन-नऊ-पाच."

"पाच," मी म्हणालो. ते सोपं होतं. "नऊ." मग कुठं काय गेलं कुणास ठाऊक. सात की दोन? आणखी एखादा आकडा होता का? तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची डोकी घासली, पण स्वतःचं डोकं असं अठरा जणांसमोर कधी उघडं केलं नव्हतं. कुणीतरी खुदकन हसलं.

"पाच, नऊ..." मी पुन्हा म्हणालो आणि इकडंतिकडं बघितलं. कच्चं पोर बघतं तसं. माझ्या अगदी समोर स्वरांजली उभी होती. तिचे डोळे मोठे झाले होते, आणि त्या डोळ्यांत दोन आणि सात स्वच्छ दिसत होते. फक्त कुठला आधी, ते तिलाच माहीत होतं. मी तिच्याकडं बघितलं, आणि लाज वाटते सांगायला, पण भुवई उडवली.

ती पुढं झुकली. तोंड उघडलं. मग थांबली, आणि दोन्ही हातांनी आपलं तोंड गच्च दाबून धरलं.

"वेळ संपली," ताई म्हणाल्या, आणि माझ्या नावापुढं तीन लिहिले.